बारा डोळे, दोन हात

ज्या चित्रपटाविषयी घराघरांत आदर आहे त्याची चिकित्सा करायला बसणे, म्हणजे देवघरातली तसबीर खाली उतरवून तिच्यामागची भिंत तपासण्यासारखेच आहे. परंतु दिवाळीच्या आधी आपण तसबिरी उतरवतोच. धूळ झटकतो, खिळा सैल झाला असेल तर ठोकतो आणि तसबीर पुन्हा त्याच जागी लावतो. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या चित्रपटाविषयी आज लिहितो आहे ते ह्याच भावनेने. चित्रपट जुना आहे, १९५७ सालचा. पण त्याने घातलेला प्रश्न जुना झालेला नाही. गुन्हेगाराला शिक्षा करावी की त्याच्यावर उपचार करावा, हा तो प्रश्न.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. आदिनाथ नावाचा एक जेलर. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारे सहा कैदी तो आपल्या जबाबदारीवर तुरुंगाबाहेर काढतो आणि त्यांना एका ओसाड जागेवर नेतो. तिथे बेड्या नाहीत, भिंती नाहीत, पहारा नाही. आहेत ती फक्त जेलरची दोन डोळ्यांची नजर आणि त्या सहा जणांचे बारा हात. ते खडकाळ जमीन फोडतात, मळा पिकवतात, भाजी बाजारात नेऊन स्वस्तात विकतात. एकदा पळून जाण्याची बुद्धी होते, तर तेच डोळे त्यांना मागे ओढतात. बाजारातल्या दांडग्या व्यापाऱ्याला त्यांचा स्वस्त माल खुपतो. शेवटी पिकात घुसवलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण सोडतो, आणि त्याचे डोळे आभाळात दिसू लागतात. ह्या चित्रपटाला आपल्याकडे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. बर्लिनचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिचे बीज आमच्या मुलखातले, हे सांगताना सातारा-सांगलीकडच्या माणसाची छाती थोडी फुगते. बहात्तर गावांचे औंध संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे भोक्ते आणि स्वतः चित्रकार. त्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्यामुळे मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर औंधात आले होते. हे गृहस्थ भारतानंद ह्या नावाने इथलेच होऊन गेले. कैद्यांना उघड्या माळावर ठेवावे, त्यांना जमीन द्यावी, त्यांची बायकामुले त्यांच्याजवळ राहू द्यावीत, ही कल्पना त्यांची. आटपाडीजवळच्या माळावर त्याच सुमारास ती वसाहत उभी राहिली आणि तिला नाव दिले गेले ‘स्वतंत्रपूर’. तुरुंगाला असे नाव देणारे राज्य विरळाच! १९४८ साली संस्थान विलीन झाले. औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी दक्षिण साताऱ्यात गेली, आणि त्या जिल्ह्याला १९६० पासून आपण सांगली म्हणतो. सरकारे बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली, पण स्वतंत्रपूर आजही कारागृह खात्याची खुली वसाहत म्हणून आहे. माडगूळकर त्याच माणदेशातले, आणि औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांना ही कथा कल्पनेतून ओढून काढावी लागली नाही.

आता थोडी चिकित्सा. चित्रपटाने स्वतंत्रपुरातून काय घेतले आणि काय मागे ठेवले?

घेतली ती माती, घाम आणि बिनकुलपाचे दार. हे अस्सल आहे. माणसाच्या हाताला काम आणि कामाला फळ मिळाले की त्याची मान ताठ होते, हे चित्रपट उपदेश न करता दाखवतो. नांगरट आणि पेरणीची ती दृश्ये म्हणजे ह्या कलाकृतीचा प्राण.

मागे राहिली ती व्यवस्था. खरे स्वतंत्रपूर कुणा एका महात्म्याच्या नजरेवर चालले नाही. तिथे जमीन होती, नियम होते, कुटुंबे होती, आणि कोणता कैदी घ्यायचा याची निवड होती. कुटुंब जवळ असलेला माणूस पळून कुठे जाणार? ही साधी व्यवहाराची गोष्ट होती. चित्रपटाने हे सारे बाजूला सारून एका माणसाच्या डोळ्यांत घातले. ते डोळे पडदाभर होतात, पुढे आभाळभर होतात. प्रेक्षक हात जोडतो. पण हात जोडण्याच्या भरात एक गोष्ट निसटते. साधुपुरुष मिळाला तरच माणूस सुधारतो, असे आपण मनाशी धरून बसतो. आणि साधुपुरुष काही सरकारी नोकरभरतीत मिळत नाहीत.

आणखी एक उणीव आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. ह्या सहा जणांनी ज्यांचे जीव घेतले त्यांची घरे चित्रपटात कुठेच फारशी दिसत नाहीत. मारेकऱ्याच्या डोळ्यांतले पाणी आपण पाहतो. मेलेल्याच्या दारातला अंधार आपल्याला दिसत नाही. कथेचा झोत एका बाजूला वळवायचा तर दुसरी बाजू काळोखात जाणारच, हे लेखक म्हणून मला समजते. परंतु शिक्षा आणि उपचार यांचा निवाडा करायला बसलेल्या समाजाला अशी सवलत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत वरच्या वर्गांना हा चित्रपट दाखवला. काही पालकही येऊन बसले होते. नंतर एका मुलीची आई माझ्याजवळ आली. शेतावर राबणारी बाई, चार बुके शिकलेली. म्हणाली, “गुर्जी, पिच्चर ब्येस हाय. पर त्या सा जणांत लेकरावर हात टाकल्याला योक तरी हुता का? आन् आसता, तर पोरांना दावला आसता का तुमी?”

मराठीत ह्या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले असेल, पण इतकी नेमकी टीका माझ्या वाचनात नाही. कथेने खुनी निवडले. का निवडले? खुनाला आपण कुठेतरी समजून घेऊ शकतो. बांधावरून भांडण झाले, डोक्यात सणक गेली, हातात कुऱ्हाड होती, झाले. कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आमच्या खेड्यांत असा माणूस जन्मठेप भोगून आला तर त्याला पंक्तीला पान वाढतात. पण लेकराची विटंबना करणाऱ्याला कोणी पान वाढणार नाही. त्याचे नाव निघाले की सज्जनांच्याही तोंडी एकच शब्द येतो : फाशी. हा संताप मी हलका लेखत नाही. मीही दिवसभर लेकरांतच वावरणारा माणूस आहे. तरीही त्या माउलीचा प्रश्न संतापाने सुटत नाही. तो उलगडून पाहावा लागतो.

उलगडल्यावर जे दिसते ते असे. आदिनाथाचे औषध एकच, विश्वास. दार उघडे ठेवायचे आणि माणसाला सांगायचे की तू जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे. रागाच्या भरात खून केलेल्या माणसाला हे औषध लागू पडले. परंतु लेकरावर अत्याचार करणाऱ्याचे हत्यारच विश्वास असते. तो कुऱ्हाड घेऊन येत नाही. खाऊ घेऊन येतो. तो घरातला असतो, शेजारचा असतो, शिकवणारा असतो, कीर्तनाला पुढे बसणारा असतो. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हे सरकारी आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. म्हणजे हे राक्षस रानातून येत नाहीत. आपल्या ओसरीवर बसून ते चहा पितात.

तेव्हा अशा माणसावर उपचार करायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकायचा, ही समजूत प्रथम काढून टाकली पाहिजे. चित्रपटाने आपल्याला नकळत लावलेली ही सवय आहे. उपचार म्हटले की आपल्याला दया आठवते, क्षमा आठवते, सायंप्रार्थना आठवते. आणि म्हणूनच उपचाराचे नाव काढताच ती आई दचकते. तिला वाटते, माझ्या लेकीच्या वाट्याचा न्याय काढून हे लोक त्या माणसाला देणार.

खरा उपचार कसा असतो, हे पाहायला बर्लिनला जावे लागेल. जिथे आपल्या चित्रपटाचा गौरव झाला त्याच शहरात, २००५ साली, ‘शारिटे’ नावाच्या जुन्या इस्पितळात एक योजना सुरू झाली. मुलांविषयी विकृत ओढ वाटते, पण ज्याला गुन्हा करायचा नाही, किंवा जो अजून पोलिसांच्या दृष्टीस पडलेला नाही, अशा माणसाने स्वतःहून यावे, त्याचे नाव गुप्त राहील, अशी जाहिरात तिथे करण्यात आली. तिचा मथितार्थ असा की मनात उठणाऱ्या ओढीबद्दल तुला दोषी धरणार नाही, पण वागण्याची जबाबदारी पूर्णपणे तुझी. असे कोण जाणार, असे आपल्याला वाटेल. पण माणसे गेली. तिथे त्यांना कोणी कुरवाळले नाही. मनाशी चाललेली लबाडी ओळखायला शिकवले : ‘मुलालाही ते आवडते’, ‘मी इजा कुठे करतो’ ह्या थापा माणूस स्वतःलाच मारत असतो. दारू, एकटेपणा, मुलांसोबत एकांत, ह्या घसरण्याच्या जागा कुठल्या हे शिकवले. ज्यांना गरज होती त्यांना वासना मंदावणारी औषधे दिली. ओढ समूळ नाहीशी होईल असे वचन वैद्यांनी दिले नाही. मधुमेह जसा आयुष्यभर सांभाळावा लागतो तसे हे सांभाळावे लागते, इतकेच त्यांचे म्हणणे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानेही बर्लिनच्या ह्या मंडळींच्या साहाय्याने आपल्याकडे असा प्रयत्न सुरू केला. साताऱ्याहून पुणे काही दूर नाही.

हे पूर्ण यशस्वी होते का? तसे म्हणता येत नाही. अशा उपचारांनी गुन्ह्याकडे नेणाऱ्या सवयी कमी होतात असे दिसले आहे. गुन्हे नक्की किती टळतात यावर जाणकारांत अजून वाद आहेत. औषध रामबाण नाही म्हणून दवाखाना बंद करावा काय, हा मात्र निराळा प्रश्न आहे.

शिक्षेच्या बाजूचेही पाहू. आपल्याकडे २०१२ साली ‘पोक्सो’ हा बालकांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि तो यायलाच हवा होता. तोपर्यंत मुलगा पीडित असू शकतो हेसुद्धा आपल्या कायद्याला धड उमगले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत जे घडले त्याने देश हादरला. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ च्या जानेवारीत अहवाल दिला. शिक्षा कडक करा, पण बलात्काराला फाशी नको आणि रासायनिक खच्चीकरणही नको, असे त्या समितीने विचारपूर्वक सांगितले. सरकारने शिक्षा वाढवल्या. २०१८ साली बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला आणि २०१९ साली पोक्सोमधल्या अत्यंत गंभीर अपराधाला फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली गेली.

शिक्षा हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. झालेल्या अपराधाचे माप शिक्षेनेच करावे लागते. समाजाने त्या लेकराला दिलेली ती साक्ष आहे की तुझे खरे होते आणि दोष तुझा नव्हता. उपचाराने ही साक्ष देता येत नाही. पण शिक्षेचे पाऊल नेहमी एक घर मागे असते. अपराध झाला, लेकराने सांगितले, घरच्यांनी ऐकले, पोलिसांनी लिहून घेतले, कोर्टाला पटले. इतक्या पायऱ्या चढल्यावर शिक्षा येते. आणि आरोपी चुलता असला, मामा असला, तर दुसऱ्याच पायरीवर घर गप्प होते. शिक्षा जितकी भयंकर, तितके हे गप्प बसणे घट्ट होते. ‘तुझ्या बोलण्याने काका फासावर जाईल,’ एवढे म्हटले की नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप लागते. न्यायमूर्तींच्या अहवालांपेक्षाही ही गोष्ट आपल्या आजीबाईंना अधिक चांगली समजेल.

शिवाय एक पेच आहे. पोक्सोच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे, असा अपराध झाल्याचे कळले किंवा होण्याची धास्ती वाटली, तर ते कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. आम्हा शिक्षकांना हे कलम माहीत असलेच पाहिजे. त्यामुळे कितीतरी झाकलेली प्रकरणे उघडी पडली. पण जो माणूस अजून काही न करता वैद्याच्या दारात उभा राहून म्हणतो, ‘डॉक्टर, मला माझीच भीती वाटते,’ त्याचे काय? त्या वैद्याला धास्ती वाटली तर त्याने फौजदाराकडे जायचे की औषध लिहायचे? झालेली गोष्ट उपचारकाने पोलिसांना कळवलीच पाहिजे, असे बंधन जर्मनीच्या कायद्यात नाही. म्हणून तिथे लोक दारापर्यंत येतात. इथे तो मनुष्य दारावरूनच मागे फिरेल. आणि तो मागे फिरला तर कुठे जाईल? झालेला अपराध झाकायला कोणी वैद्याची ओसरी वापरू नये, हे खरे. पण न झालेला अपराध टाळायला आलेल्याला जागा असावी, हेही तितकेच खरे. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. कलमे कशी बेतावीत ते विद्वानांनी ठरवावे. पण दोन्ही गोष्टी एका कुंपणात बसवणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

राहता राहिला तो शिक्षा भोगून सुटलेला माणूस. फाशीच्या गप्पांत आपण विसरतो की बहुतेक कैदी एक दिवस सुटतात, आणि सुटून कुठल्या तरी आळीतच राहायला येतात. कॅनडात १९९४ साली हॅमिल्टन गावी असाच एक जण सुटला. लहान मुलांवर अत्याचार केलेला, लोक भेदरलेले, पोलीस हैराण. तेव्हा तिथल्या मेनोनाइट पंथाच्या एका पाद्रीने काही साधी माणसे गोळा केली आणि त्या माणसाभोवती एक मंडळ केले. त्याला आठवड्यातून भेटायचे, काम शोधायला मदत करायची आणि तोंडावर विचारायचे : काल कुठे होतास? कोणाबरोबर होतास? पुढे अशी मंडळे ठिकठिकाणी निघाली. कधी चार माणसे, कधी सहा. ज्यांना असे मंडळ लाभले त्यांच्या हातून पुन्हा अपराध घडण्याचे प्रमाण कमी दिसले. वाळीत टाकलेला माणूस एकटा पडतो, आणि एकटेपणा ही त्याच्या घसरणीची पहिली पायरी असते. हे त्यामागचे गणित.

माडगूळकरांची आणि शांतारामबापूंची कथा मला इथे पुन्हा भेटते, पण उलटी होऊन. तिथे एका माणसाचे दोन डोळे आणि सहा जणांचे बारा हात. इथे सहा साध्या माणसांचे बारा डोळे आणि एकाचे दोन हात. तिथले डोळे विश्वास ठेवणारे; इथले डोळे पाहणारे, विचारणारे, आणि तरीही पाठ न फिरवणारे. त्यासाठी महात्मा लागत नाही, आभाळात डोळे लागत नाहीत. पोस्टमन, शिंपी, निवृत्त नर्सबाई चालतात. पाहणाऱ्यांनी थकू नये, एवढेच लागते. आणि खरे सांगायचे तर ही गोष्ट स्वतंत्रपुराच्या अधिक जवळची आहे. त्या माळावर कैद्याला सावरले ते त्याच्याभोवती राहणाऱ्या माणसांनी.

म्हणून त्या माउलीला माझे उत्तर असे आहे : नाही, त्या सहा जणांत तसला कोणी नव्हता, आणि असता, तर आदिनाथाचे एकट्याचे डोळे पुरले नसते. चित्रपट थोर आहे, पण त्याचे औषध सर्व रोगांवरचे नव्हे. लेकराची कड आधी, हे ठरलेलेच. झाले त्याची शिक्षा व्हावी, आणि पुढचे होऊ नये म्हणून उपचारही व्हावा. ह्या दोन गोष्टी सवती नाहीत. शिक्षा मागच्या लेकरासाठी आहे, उपचार पुढच्या लेकरासाठी.

सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, सणालाच हवा. आता चार दिवस घर पाहुण्यांनी भरेल, अंथरुणे ओळीने पडतील, मुले ह्या खोलीतून त्या खोलीत पळतील. कुणा पाहुण्याच्या मांडीवर बसायला, कुणाला पापा द्यायला मूल नाही म्हणाले, तर त्याला ‘लाजतो मेला’ म्हणून पुढे ढकलू नये. ते का नको म्हणते, हे नंतर शांतपणे विचारावे, आणि जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे. घरात डोळे पुष्कळ असतात. फराळाच्या ताटावरून ते थोडे मुलांकडेही फिरत राहावेत.